बंद करून घेतलेली माणसं

संसदेत कायदा झाला तो गुरुवारी, आणि शुक्रवारी दुपारी बाराच्या आत कोलकात्यात सेक्टर फाइव्हमधल्या त्या सातव्या मजल्यावर पैशांची रमी बंद झाली. हॉलच्या भिंतीवर एक मोठा पडदा होता. या घडीला देशभरात किती टेबलांवर डाव चालू आहेत, तो आकडा त्यावर सतत पळत असे. तो उतरायला लागला. चौदा हजार, नऊ हजार, साडेतीनशे, अकरा. मग बराच वेळ एकावर अडकून राहिला. कुठल्या तरी गावात कुणीतरी शेवटचा डाव संपवत होतं. शेवटी शून्य आलं, आणि चौऱ्याऐंशी माणसांच्या त्या हॉलमध्ये एसीची घरघर ऐकू यायला लागली.

मंजुषा उकिडवे पाणी प्यायला उठली होती, ती बाटली हातात धरून तशीच बघत राहिली. तिला वाईट वाटत होतं की सुटल्यासारखं वाटत होतं, हे तिचं तिलाच कळेना.

‘तेरापत्ती’ या कंपनीत तिचं काम डाव चालवण्याचं नव्हतं, थांबवण्याचं होतं. ‘विराम’ नावाच्या विभागाची ती प्रमुख होती. ज्यांना खेळ आवरत नाही आणि ज्यांना ते कळतं, अशी माणसं विरामला फोन करत. ‘मला बंद करा,’ म्हणत. मंजुषा आणि तिच्या हाताखालची अकरा जणं त्यांचं ऐकून घेत, दोनदा विचारून खात्री करत, आणि त्या माणसाचा फोन नंबर, पॅन, आधार सगळ्याला कुलूप लावत. पुन्हा हात जोडून आला तरी दार उघडायचं नाही. चार वर्षांत अशी एक्केचाळीस हजार माणसं झाली होती. त्यांची यादी वेगळी ठेवलेली होती. ती उघडायची तर दोन ओटीपी लागत, एक मंजुषाचा आणि एक कंपनीचा मालक अजेय राजवाडेचा. हा नियम मंजुषानंच लिहिला होता, आणि अजेयनं तेव्हा हसत सही केली होती.

अजेय मूळचा पुण्याचा, अडतिशीतला. सहा वर्षं घरी बसलेल्या मंजुषाला नोकरी दिली ती त्यानं. नवऱ्याच्या, सलीलच्या, बदल्यांमागे फिरता फिरता तिचं करिअर केव्हाच मागे पडलं होतं. सलील सरकारी खाण कंपनीत अधिकारी. धनबाद, नागपूर, मग कोलकाता. इथे आल्यावर एका गणेशोत्सवात अजेय भेटला आणि म्हणाला, “तुझ्यासारखं ऐकून घेणारं माणूस मला हवंय.” हे ती विसरली नव्हती.

पुढच्या मंगळवारी त्यानं तिला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं आणि मराठीत म्हणाला, “बस. चहा सांगू?”

ती सावध झाली. ऑफिसात अजेय मराठीत बोलायचा तो दोनच कारणांनी. आई पुण्याहून आली की डब्यातलं काही द्यायला, नाहीतर बाकीच्यांना कळू नये असं काही असलं की. टेबलावर डबा नव्हता.

“तुझ्या टीमचं मी काहीतरी केलंय,” तो म्हणाला. “अकराच्या अकरा जणांचं. तुझंही. एक कंपनी सगळ्यांना घेतेय.”

“कुठली?”

“बाहेरची. नोंदणी कुठल्याशा बेटावर आहे. माणसं आखातात बसतात.”

“आणि त्यांना आपल्याकडून काय हवंय?”

“खेळाडू.”

मंजुषानं आपल्या हातांकडे पाहिलं. “अजेय, हे कायद्यात बसत नाही.”

“आपण चालवलं तर बसत नाही. ते तिकडून चालवतात. आज एक साइट बंद केली तर उद्या दुसऱ्या नावानं उभी. सरकार किती दारं लावत बसणार? इकडे कोर्टात याचिका पडल्यात. दोन वर्षांत एकतर कायदा टिकणार नाही, नाहीतर परवाने काढतील, कर लावतील आणि आपल्यालाच परत बोलावतील. तोवर माणसं खेळायची थांबणार आहेत? तूच सांग, तू रोज ऐकतेस त्यांना.”

यात खोटं काय आहे, ते तिला चटकन सांगता येईना. गेल्या चार दिवसांत विरामचे फोन कमी झाले नव्हते. उलट दोघा-तिघांनी विचारलं होतं, आता कुठे खेळायचं?

“मग मला कशाला विचारतोस?”

“विरामची यादी. सोमवारी चार वाजता त्यांच्याबरोबर कॉल आहे. मी माझा ओटीपी घालतो, तू तुझा घाल. दोन मिनिटांचं काम.”

“ते खेळाडू नाहीत, अजेय. त्यांनी बंद करून घेतलंय.”

“त्यांच्याकडे कुठे बंद आहेत?” अजेय म्हणाला. हळू आवाजात, टेबलाकडे बघत.

ती उठली. दारापाशी पोचल्यावर तो पुन्हा बोलला. “पारमितानं गेल्या महिन्यात नैहाटीहून इकडे बिऱ्हाड हलवलंय. नोकरीसाठी. तेवढं लक्षात ठेव.”

पारमिता विरामची सगळ्यात जुनी मुलगी, मंजुषाच्या शेजारच्या टेबलावर बसणारी. मंजुषा जागेवर आली तेव्हा ती फोनवर कुणाला तरी बंगालीत समजावत होती आणि मोकळ्या हातानं तिनं मंजुषापुढे मुढीचा, म्हणजे कुरमुऱ्यांचा, पुडा सरकवला.

त्या संध्याकाळी मंजुषानं सलीलला सगळं सांगितलं. सलील फायलींत वाढलेला माणूस, आधी पूर्ण ऐकायचा.

“राजीनामा देते,” ती म्हणाली. “उद्याच देते. मग काय करायचं ते करू दे त्याला.”

“राजीनामा दिलास तर तुझा अधिकार कुणाकडे जातो?”

नवी नेमणूक होईपर्यंत तो मालकाकडे जात होता. हाही नियम तिनंच लिहिला होता. ती बाहेर पडली की दोन्ही ओटीपी अजेयच्याच फोनवर.

“म्हणजे नोकरी सोडायची सोय नाही,” सलील म्हणाला. “यादी कायमची बंद करायचा काही मार्ग?”

एक होता. पोलीस तक्रारीचा क्रमांक घातला की यादी गोठायची. मग पोलिसांचं किंवा कोर्टाचं पत्र आल्याशिवाय ती कुणालाच उघडता यायची नाही, आणि यादीतल्या प्रत्येकाला आपोआप तसा मेसेज जायचा. मागे एका चोरीच्या प्रकरणानंतर ही सोय केली होती. आजवर वापरायची वेळ आली नव्हती.

“मग तक्रार कर.”

“कशाची? अजून त्यानं काही दिलेलं नाही. नुसतं बोललाय, तेही बंद दाराआड, मराठीत.”

सलीलनं चष्मा काढून ठेवला. “खोटा क्रमांक मात्र घालू नकोस. तो सुटेल आणि तू आत जाशील.”

गुरुवारी विरामच्या फोनवर बराकपूरहून एक फोन आला. आवाज तिनं ओळखला. शरच्चंद्र घोरपडे, तोफखान्यातले निवृत्त सुभेदार, मूळचे सातारा जिल्ह्यातले. शेवटची बदली बराकपूरला झाली, बायको तिथल्या शाळेत शिकवत होती, म्हणून दोघं तिथेच राहिले. दीड वर्षापूर्वी त्यांनी बंद करून घेतलं होतं. तेव्हा मंजुषाचं आडनाव ऐकून ते एकदम मराठीवर आले होते आणि पाऊण तास बोलत होते. त्यानंतर सणावाराला फोन करायचे. आज इकडचं तिकडचं काही नव्हतं.

“ताई, हिच्या फोनवर एक मेसेज आलाय. तुम्ही येऊन बघाल का?”

“वाचून दाखवा ना, काका.”

“फोनवर नको.”

शनिवारी तिनं सियालदाहून गाडी पकडली. बराकपूरला उतरून टोटोनं, बॅटरीवरच्या रिक्षानं, गेली, वाटेत दुर्गापूजेच्या मांडवांचे बांबू रस्त्यावर अर्धवट उभे होते. घोरपड्यांचं घर छोटं आणि लख्ख होतं. सुमनकाकूंनी दार उघडलं. बारीक, ताठ बाई, शाळेतून निवृत्त झाल्या तरी नजर वर्गावरून फिरवल्यासारखी. काका आत टेबलापाशी बसले होते. ते उठले नाहीत. दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

“फसवणुकीचा असणार, मी पुसून टाकत होते,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन पुढे केला. “हेच म्हणाले, राहू दे, उकिडव्यांना दाखवू.”

मंजुषानं वाचलं. हिंदीत होतं. ‘तेरापत्ती बंद झालं तरी तुमचा मान कायम आहे. गनर५६, तुमची हिरा पातळी आम्ही जपून ठेवली आहे. पहिल्या डावाचे पैसे आमचे.’ खाली एक लिंक.

खेळाडूचं टोपणनाव आणि त्याची पातळी कंपनीबाहेर कुणालाच ठाऊक नसे. म्हणजे साध्या खेळाडूंची यादी अजेयनं आधीच देऊन टाकली होती. राहिली होती ती फक्त विरामची.

पण काकांना तर तिनंच कुलूप लावलं होतं. मग हे खातं कुठलं? नंबर काकूंचा होता.

“काकू,” तिनं सावकाश विचारलं, “तुम्ही कधी रमी खेळला होता का? या फोनवर?”

“मी? मला पत्ते पिसतासुद्धा येत नाहीत.”

आत गॅसवर काहीतरी उकळत होतं. काकांनी मान वर केली नाही.

“माझं बंद झाल्यावर,” ते म्हणाले, “चार महिन्यांनी. हिच्या नावानं उघडलं होतं.”

सुमनकाकू उठल्या, आत जाऊन गॅस बंद करून आल्या आणि उभ्याच राहिल्या.

“पॅन कार्ड माझ्या कपाटात होतं.”

“हो.”

“किल्ली माझ्याकडे असते.”

“हो.”

“किती दिवस?”

“कायदा झाला त्या दिवसापर्यंत.” काका मंजुषाकडे वळले. “ताई, तुम्हाला खोटं बोललो होतो. सुटलो म्हणून सांगत होतो. खेळच बंद पडला तेव्हा मला वाटलं, आता आपसूक सुटलो. आणि मग हे आलं. वाचलं तेव्हा हात थरथरले असते तर बरं वाटलं असतं. हात अगदी शांत होते. लिंकवर बोट गेलंही होतं, तेवढ्यात ही फोन मागायला आली.”

मंजुषाला वाटलं, आपण आता इथून निघून जावं. पण सोमवारचे चार तिच्या डोक्यातून हलत नव्हते. तिनं दोघांना सगळं सांगितलं. यादी, अजेय, गोठवण्याची सोय, तक्रार. “खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही,” ती म्हणाली. “खेळवणाऱ्याला आहे. हा मेसेज म्हणजे पुरावा आहे. पण तक्रार ज्याला मेसेज आला त्यानं द्यायला हवी.”

“म्हणजे मी,” काकू म्हणाल्या.

“हो. आणि खातं कुणी उघडलं, ते विचारतील.”

“इथलं निम्मं पोलीस ठाणं ह्यांना सलाम करतं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला बोलावतात.” त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या. “मला विचार करू दे. आज मला काही विचारू नका.”

त्यांनी चहा दिला नाही. मंजुषाला त्याचं काही वाटलं नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. त्या एका फोनवर लिंक आली तर हे होतं. सोमवारनंतर ती एक्केचाळीस हजार फोनांवर जाणार होती, आणि सगळे शरच्चंद्र घोरपडेच.

रविवार गेला. बराकपूरहून फोन आला नाही. तिनंही केला नाही. सलील एकदाच म्हणाला, “त्यांना सोडून दुसरं कुणी?” तिनं नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या कुणाचा मेसेज तिच्या पाहण्यात नव्हता, आणि शोधायला यादी उघडावी तर तीच चोरी.

सोमवारी दोन वाजता अजेय तिच्या टेबलाशी आला. “चारला माझ्या केबिनमध्ये. फोन चार्ज आहे ना?” हे तो इंग्रजीत, सगळ्यांदेखत आणि हसत म्हणाला. तीन वाजले. सव्वातीन. मंजुषानं यादी गोठवायचं पान संगणकावर उघडून ठेवलं होतं. ‘तक्रार क्रमांक’ असं लिहिलेला एक रिकामा चौकोन. एकदा तिची बोटं त्यावर गेली. तिथे कुठलाही आकडा चालला असता. संगणकाला खरं-खोटं कळत नव्हतं, ते नंतर माणसांना कळलं असतं. तिनं हात मागे घेतले.

तीन पस्तीसला फोन वाजला.

“लिहून घ्या,” सुमनकाकू म्हणाल्या. मागे रहदारीचा आवाज होता. “सकाळी दहापासून ठाण्यात बसलेय. आत्ता दिला नंबर.” त्यांनी एकेक आकडा शाळेत शुद्धलेखन घालावं तसा सांगितला, आणि मग पुन्हा एकदा.

“काका?”

“बाहेर बाकावर बसलेत. आत यायला तयार नव्हते. साहेबांनी विचारलं खातं कुणी उघडलं, तेव्हा मी दारातून हाक मारली. मग आले. स्वतः सांगितलं.” मग त्या म्हणाल्या, “मी त्यांना माफ केलंय असं समजू नका. ठेवते.”

मंजुषानं आकडे घातले. दोनदा ताडून पाहिले. शेजारी पारमिता नखं कुरतडत आपल्या पडद्याकडे बघत होती. मंजुषाला वाटलं तिला काहीतरी सांगावं, पण काय सांगणार? तिनं बटण दाबलं. पान लाल झालं. यादी गोठली.

मिनिटभर काहीच घडलं नाही. मग पारमिताचा फोन वाजला. त्याच्या पलीकडचा वाजला. मग विरामचे अकराच्या अकरा फोन एकदम वाजायला लागले आणि वाजतच राहिले. मेसेज गेले होते. सोलापूर, कानपूर, सिलिगुडी, कुठून कुठून माणसं विचारत होती की आमचं नाव कुठे गेलं, आम्हाला कुणी हात लावला का, बंदच आहे ना?

अजेय केबिनमधून बाहेर आला. त्याच्यामागे उघड्या दारातून पडद्यावरचे दोन चेहरे दिसत होते, कॉल लवकर सुरू झाला होता.

“काय केलंस?” मराठीतच, पण आता ओरडून. सगळा हॉल बघत होता.

“गोठवली. तक्रार नोंदवली गेलीय, खरी आहे. साध्या खेळाडूंची यादी तू आधीच दिलीस, त्याची.”

त्याचा चेहरा उतरला. मागे वळून त्यानं पडद्याकडे पाहिलं. एक चेहरा तोवर नाहीसा झाला होता. दुसऱ्यानं काहीतरी विचारलं, मग तोही गेला.

“अकरा जणांच्या पोटावर पाय दिलास तू,” अजेय म्हणाला. “माझं सोड. त्यांना सांग आता.”

“सांगते.”

“यानं काही थांबणार नाहीये, मंजुषा. तुला काय वाटतं, थांबेल?”

“नाही,” ती म्हणाली. “पण माझ्या हातून नाही जाणार.”

त्यानं तिथल्या तिथे तिचं ओळखपत्र मागून घेतलं. ती निघाली तेव्हा पारमिता फोनवर बोलत होती. सगळं तिच्या लक्षात आलं होतं. तिनं मंजुषाकडे पाहिलं नाही, पण समोरच्या माणसाला ती सांगत होती, “हो, दादा, बंदच आहे. कुणी उघडू शकत नाही. मी बघितलंय.”

बुधवारी पोलीस येऊन संगणक घेऊन गेले. अजेयला दोन दिवस चौकशीला बोलावलं, मंजुषाला एकदा. यादी शाबूत होती. पण जी आधी गेली होती ती परत आणण्याचा उपाय कुणाकडेच नव्हता. महिनाअखेर सातव्या मजल्याला कुलूप लागलं. अजेय पुण्याला गेला, खटला उभा राहायचा आहे. ती बेटावरची साइट सरकारनं पूजेच्या आधी बंद केली आणि लक्ष्मीपूजेपर्यंत ती नव्या नावानं परत आली. एवढं अजेयचं खरं ठरलं. कायद्याचं पुढे काय होणार, ते अजून कुणी छातीठोक सांगत नाही. कोर्टात तारखा पडतायत, सरकार नियम करतंय.

अकरांपैकी सात जणांना कामं मिळाली. पारमिता एका इस्पितळात चौकशी-खिडकीवर लागली. मंजुषाचे दोन फोन तिनं घेतले नाहीत. तिसरा घेतला आणि म्हणाली, “दीदी, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. मी नाही म्हटलं नसतं. पण विचारायला हवं होतं.” मंजुषा नुसतं “हो” म्हणाली.

ती स्वतः आता घरी बसून व्यसनमुक्तीच्या एका संस्थेचे फोन घेते. पगार नाममात्र. ज्यांना नव्या नव्या नावांनी मेसेज येतात त्यांच्याकडून त्या लिंका गोळा करते आणि दर सोमवारी पोलिसांना पाठवते. काही बंद होतात, काही होत नाहीत.

जानेवारीत एकदा सुमनकाकूंचा फोन आला. आवाज पूर्वीसारखाच ताठ.

“काल ह्यांना आला. ह्यांच्या साध्या फोनवर. कुठून नंबर मिळाला कोण जाणे.”

“मग?”

“मी ओट्याशी होते. येऊन माझ्या हातात फोन दिला, म्हणाले, तू ठेव. मग बाहेर जाऊन बसले. जेवायलाही उशिरा आले.” पलीकडे भांडी वाजली. “तुम्हाला ती लिंक हवी असेल ना? लिहून घ्या.”

मंजुषानं पेन घेतलं.